सहा ओळींचा मायना : ‘ग्राफिक्स डॉट एच’ची गोष्ट

१/
पेशवे दफ्तरातले एखादे मोडी पत्र उघडावे, तर पहिली ओळ बहुधा ओळखीची निघते : ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’. पत्र कर्जाबद्दल असो वा लढाईबद्दल, हे शब्द ठरलेले. लिहिणारा कारकून त्यांच्या अर्थापाशी थांबत नाही. हात आपोआप चालतो. यालाच आपण मायना म्हणतो. महाराष्ट्रातल्या संगणक प्रयोगशाळांत १९९० नंतर दोन-अडीच दशके असाच एक मायना लिहिला गेला. आजचा धागा त्याच्याविषयी.

२/
साधन आधी सांगतो. माझ्या मावसभावाचे २००९ सालचे प्रॅक्टिकलचे जर्नल घर आवरताना रद्दीच्या गठ्ठ्यात सापडले. मी इतिहासाचा विद्यार्थी. संगणकशास्त्र माझा विषय नव्हे. पण जुना कागद हाती आला की तो कुणी, केव्हा, कशासाठी लिहिला आणि काय न लिहिता गृहीत धरले, हे विचारायची खोड लागते. जर्नलातल्या पहिल्या प्रयोगाचे शीर्षक आहे : ‘पडद्यावर साध्या आकृत्या काढणे’. भाषा सी, साधन ‘टर्बो सी’.

३/
प्रोग्राम सहा-सात ओळींचा. पहिल्या ओळीत ‘ग्राफिक्स डॉट एच’ ही फाइल जोडून घेतली आहे. मग दोन चल : जीडी आणि जीएम. जीडीमध्ये ‘डिटेक्ट’ हा शब्द भरला आहे, जीएम रिकामा. पुढे ‘इनिटग्राफ’ला हे दोन्ही चल आणि सी ड्राइव्हवरच्या ‘टर्बोसी३’ फोल्डरातल्या ‘बीजीआय’ उपफोल्डरचा पत्ता दिला आहे. मग खरे काम, एकाच ओळीत : सर्कल, ३२०, २४०, १००. मग ‘गेटच’, म्हणजे कुणी कळ दाबेपर्यंत थांब. शेवटी ‘क्लोजग्राफ’. सगळ्यात आकृती काढणारी ओळ एकच. बाकी सारा मायना.

४/
शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटवलेले असे. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये, हा त्याचा हेतू. क्लोजग्राफचे काम थोडेफार तसेच : चित्राचा अंमल संपला, पडदा पुन्हा अक्षरांच्या ताब्यात. तुलना फार ताणणार नाही. पण मायन्यातला प्रत्येक शब्द कधीतरी कुणाच्या तरी खऱ्या गरजेतून आलेला असतो, एवढे तिच्यातून घ्यावे. मग ‘डिटेक्ट’ची गरज कुणाला होती? शोधायचे होते ते काय?

५/
उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. सी ही भाषा १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. त्या काळी संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइपवरून. म्हणजे टंकलेखन यंत्रासारखे यंत्र, कागदावर एकामागून एक अक्षरे उमटवणारे. सीचे जग त्यामुळे अक्षरांच्या ओघाचे. रेषा, वर्तुळ, रंग यांना तिच्या प्रमाण रूपात जागाच नव्हती, आणि आजही नाही. सीमध्ये चित्र काढायचे तर बाहेरचे ग्रंथालय, म्हणजे आयत्या फंक्शनांचा संच, जोडून घ्यावा लागतो.

६/
पण संगणकावर चित्र काढणे सीपेक्षा जुने आहे. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. टीएक्स-२ नावाच्या यंत्राच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेषा ओढता येत, त्या जोडता येत, समांतर करता येत. आज आपण माउसने जे करतो त्याचे बरेचसे मूळ तिथे आहे. मात्र असले यंत्र जगात बोटांवर मोजण्याइतक्या लोकांच्या वाट्याला येणारे होते. आपल्या गोष्टीतल्या वर्तुळाची वंशावळ दुसऱ्या, जरा कमी दिमाखदार घराण्यातून येते.

७/
१९६२. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमची प्रयोगशाळा. जॅक ब्रेझनहॅम तिथे काम करत होते. आयबीएम १४०१ या संगणकाला कॅलकॉम्प कंपनीचा प्लॉटर जोडलेला होता : कागदावर लेखणी फिरवून आलेख काढणारे यंत्र. लेखणीला एका वेळी फक्त एक छोटे पाऊल टाकता येई, तेही आठ दिशांपैकी एकीत : उभे, आडवे किंवा तिरके. प्रश्न असा की, अशा पावलांतून कोणत्याही उताराची सरळ रेषा काढायची कशी? खरी रेषा पावलांच्या मधून जाते. लेखणी मात्र पावलावरच थांबू शकते.

८/
ब्रेझनहॅमचे उत्तर हिशेबाच्या वहीसारखे आहे. उदाहरण घेऊ. उजवीकडे ८ घरे आणि वर ३ घरे जायचे आहे. उजवीकडच्या प्रत्येक पावलामागे रेषा ३/८ घर वर चढते. लेखणीला ३/८ घर चढता येत नाही. म्हणून ते खात्यावर उधार मांडायचे. उधारी अर्ध्या घराइतकी किंवा जास्त झाली, की एक घर वर चढायचे आणि पूर्ण घराची रक्कम फेडायची. हिशेबात अपूर्णांक नकोत म्हणून सगळे १६ पट करू. मग प्रत्येक पावलाची उधारी ६, अर्धे घर म्हणजे ८, पूर्ण घर १६.

९/
खाते उणे ८ पासून उघडा. म्हणजे शून्याला पोचलो की अर्धे घर भरले. पहिले पाऊल : उणे ८ अधिक ६, उणे २. चढू नका. दुसरे : ४. शून्याच्या वर, म्हणून चढा, १६ फेडा, उरले उणे १२. तिसरे : उणे ६, सरळ चला. चौथे : शून्य, चढा, उणे १६. पाचवे : उणे १०. सहावे : उणे ४. सातवे : २, चढा, उणे १४. आठवे : उणे ८. आठ पावलांत तीनदा चढलो, आणि खाते जिथे उघडले त्याच आकड्यावर बंद झाले. कागदावर चौकटी आखून हे एकदा जरूर करून पाहा. वाचून जेवढे कळते त्याहून हाताने अधिक कळते.

१०/
या पद्धतीचे बळ तिच्या गरिबीत आहे. गुणाकार नाही, भागाकार नाही, अपूर्णांक नाही. नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि शून्याशी तुलना. ब्रेझनहॅमनी ती १९६३ मध्ये डेन्व्हर येथील एसीएमच्या राष्ट्रीय परिषदेत मांडली आणि १९६५ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. लेखाचा विषय कागद आणि लेखणी हाच होता. पुढे ठिपक्यांनी बनलेले पडदे आले, तेव्हा लक्षात आले की ठिपका म्हणजे प्लॉटरचे पाऊलच. कागदासाठी केलेली युक्ती पडद्याचा पाया झाली. वर्तुळाच्या कमानीसाठीची तशीच रीत त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली.

११/
वर्तुळाबद्दल एक सुंदर गोष्ट. ते पूर्ण मोजावेच लागत नाही. केंद्रातून उभी, आडवी आणि दोन तिरक्या रेषा ओढल्या की वर्तुळाचे आठ सारखे तुकडे पडतात. एका तुकड्यातला एक बिंदू सापडला, की त्याचे आकडे अदलाबदल करून आणि चिन्हे पालटून उरलेले सात फुकट मिळतात. रांगोळी काढणाऱ्या हाताला हे न शिकवता ठाऊक असते.

१२/
आता १९८० चे दशक. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ मध्ये बाजारात आला. त्याच्यासोबतचे रंगीत चित्रांचे कार्ड म्हणजे सीजीए : ३२० बाय २०० ठिपके, एका वेळी चार रंग. १९८४ मध्ये ईजीए : ६४० बाय ३५०, सोळा रंग. १९८७ मध्ये व्हीजीए : ६४० बाय ४८०, सोळा रंग. मध्येच १९८२ मध्ये हर्क्युलिस कंपनीचे कृष्णधवल कार्ड, ७२० बाय ३४८. प्रत्येकाची स्मृती वेगळी रचलेली. सीजीएत सम ओळी एकीकडे आणि विषम ओळी दुसरीकडे. व्हीजीएच्या सोळा रंगांत एकाच ठिपक्याचा रंग चार वेगवेगळ्या थरांत एकेक बिट विखुरलेला.

१३/
हर्क्युलिस कार्डामागची हकिगत इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ते बनवणारे व्हॅन सुवन्नुकुल मूळचे थायलंडचे. आपला प्रबंध थाई लिपीत नीट दिसावा व छापता यावा, ही त्यांची निकड होती, आणि त्या निकडीतून कार्ड घडले. आयबीएमच्या यंत्राला रोमन अक्षरे ठाऊक होती. दुसऱ्या लिपीच्या माणसाला आपले अक्षर चित्र म्हणून काढावे लागत होते. देवनागरीचीही अवस्था हीच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान याच अडचणीवरचा उपाय होते. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

१४/
आता प्रोग्राम लिहिणाऱ्याची कोंडी पाहा. एक वर्तुळ काढायचे आहे. पण गिऱ्हाइकाच्या यंत्रात कोणते कार्ड असेल? सीजीएसाठी लिहिलेला ठिपका हर्क्युलिसवर भलतीकडे पडणार. म्हणजे एकाच वर्तुळासाठी चार प्रकारचे लेखन. या गोंधळात बोरलँड ही कॅलिफोर्नियातील कंपनी उतरली. तिचे टर्बो पास्कल १९८३ मध्ये ४९.९५ डॉलरला आले होते, तेही इतर कंपायलरांची किंमत शेकड्यांत असताना. १९८७ मध्ये टर्बो सी आले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व पुढच्या वर्षी बोरलँडच्या पास्कल व सी या दोन्ही साधनांत ‘बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस’ दाखल झाला. जर्नलातल्या फोल्डरचे ‘बीजीआय’ हे नाव म्हणजे त्याचीच आद्याक्षरे.

१५/
कल्पना साधी आणि शहाणपणाची. प्रत्येक प्रकारच्या कार्डासाठी एक दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर फाइल : सीजीएची एक, हर्क्युलिसची एक, ईजीए आणि व्हीजीए यांची मिळून एक. प्रोग्राम लिहिणाऱ्याने म्हणायचे एवढेच : वर्तुळ. ‘डिटेक्ट’ म्हणजे ‘समोर कोणते कार्ड आहे ते तूच ओळख’. ओळख पटली की इनिटग्राफ त्या कार्डाचा दुभाषा दिलेल्या पत्त्यावरून उचलून आणतो, सर्वांत चांगली रीत निवडतो आणि तिचा क्रमांक जीएमच्या रिकाम्या खणात भरतो. म्हणूनच जर्नलात जीएम रिकामा होता. मायन्यातल्या एकाही शब्दाला आता अर्थ नाही असे म्हणता येणार नाही.

१६/
पत्ता चुकला तर? दुभाषा सापडत नाही आणि ‘ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’ अशी तक्रार करून प्रोग्राम थांबतो. किंवा मेन्यूत ऑप्शन्स, मग लिंकर, मग लायब्ररीज इथे जाऊन ‘ग्राफिक्स लायब्ररी’वर खूण करायची राहते आणि इनिटग्राफ हे नावच अनोळखी ठरते. ज्यांनी ही प्रॅक्टिकले केली त्यांना हे दोन संदेश तोंडपाठ असतील. मावसभावाच्या जर्नलात पत्ता एकदा खोडून पुन्हा लिहिला आहे; वर लाल शाईचे ‘पाथ चेक करा’. लेखनिकाच्या चुकीइतके बोलके साधन दुसरे नाही. एका यंत्रावर फोल्डर ‘टीसी’ असणार, दुसऱ्यावर ‘टर्बोसी३’. प्रोग्राम एकाने दुसऱ्याचा उतरवला, हे त्या खाडाखोडीवरून दिसते.

१७/
आता कागदपत्राची कालनिश्चिती. समजा जर्नलावर वर्ष लिहिलेले नाही. केंद्र आहे ३२०, २४०. हे ६४० बाय ४८० च्या पडद्याचे बरोबर मध्य. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात व्हीजीए आहे आणि मजकूर १९८७ च्या अलीकडचा आहे. केंद्र १६०, १०० असते तर सीजीएचा काळ मानला असता. गंमत अशी की आधीच्या एका ओळीत ‘डिटेक्ट’ म्हणून कोणत्याही कार्डाचे स्वागत आहे, आणि पाचव्या ओळीत एकच कार्ड गृहीत धरले आहे. मायना उदार, मजकूर ठाम. खरे तर पडद्याची रुंदी-उंची विचारणारी ‘गेटमॅक्सएक्स’ व ‘गेटमॅक्सवाय’ ही फंक्शने ग्रंथालयात होती. त्यांचा उपयोग करणारे प्रोग्राम जर्नलात विरळा.

१८/
वर्तुळ गोल दिसणे हीसुद्धा आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. पडदा ४:३ प्रमाणाचा. त्यावर ६४० बाय ४८० ठिपके बसवले तर ठिपका चौरस येतो. ६४० बाय ३५० बसवले तर तो उभट होतो. मग दोन्ही दिशांना सारखे ठिपके मोजून काढलेले वर्तुळ अंड्यासारखे उभे दिसते. बीजीआयचे सर्कल हे प्रमाण आतल्या आत सुधारून घेई. रेक्टँगल मात्र सांगितलेले ठिपके निमूटपणे जोडी. परिणामी ईजीएवर वर्तुळ गोल, पण शंभर बाय शंभरचा चौरस उभट. एकाच पडद्यावर दोन भूमिती.

१९/
अशी आणखी जीवाश्मे आहेत. पडद्याचा आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि खाली जावे तसा वाय वाढतो. शाळेतल्या आलेखाच्या नेमके उलट. कारण दूरचित्रवाणीच्या नळीतला किरण वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरत असे, आणि स्मृतीही त्याच क्रमाने वाचली जाई. रंगांचे क्रमांक घ्या. सहावा रंग तपकिरी. लाल व हिरवा यांच्या मंद मिश्रणाने तिथे खरा गडद पिवळा यायला हवा. तो दिसायला बरा नव्हता म्हणून आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये फक्त त्या एका क्रमांकासाठी हिरवा कमी करणारी जोडणी केली होती. ती सोय बीजीआयच्या रंगयादीत ‘ब्राउन’ या नावाने कायमची बसली.

२०/
ही सारी साधने महाराष्ट्रात पोचली तेव्हा त्यांच्या वाटेत फारसे काही आडवे नव्हते. टर्बो सी लहान होते, साध्या यंत्रावर चाले, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर सहज नक्कल होई. पुस्तकेही होती. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ देशभर वाचले गेले, आणि चित्रांसाठी त्यांचेच ‘ग्राफिक्स अंडर सी’. प्रयोगशाळेत संगणक थोडे, विद्यार्थी फार, अशा स्थितीत एका ओळीत वर्तुळ दाखवणारे ग्रंथालय म्हणजे शिक्षकाच्या हातातले मोठे साधन. नाव नोंदवलेल्या दिवशीच विद्यार्थ्याला पडद्यावर काहीतरी दिसे.

२१/
जर्नलातल्या चित्रांना त्यांची अशी एक परंपराच आहे. कौलारू घर. हलणारी मोटार : चित्र काढ, क्षणभर थांब, पडदा पूस, थोडे उजवीकडे पुन्हा काढ. आणि तिरंगा. तिरंग्यातले अशोकचक्र हे खरे आव्हान : २४ आरे, प्रत्येकी १५ अंशांवर, सायन-कोसायनने टोके काढून केंद्राशी जोडायची. इथे अंशांचे रेडियन करायला विसरले की आरे वाट्टेल तिकडे जातात. पट्ट्यांत रंग भरायला ‘फ्लडफिल’. आणि चौकटीला एका ठिपक्याची जरी फट राहिली, तरी केशरी रंग फुटलेल्या पाटासारखा साऱ्या पडद्यावर पसरतो.

२२/
तिसऱ्या प्रयोगाचे नाव ‘ब्रेझनहॅमची रेषा’. तिथे तयार ‘लाइन’ फंक्शन वापरायचे नाही. ‘पुटपिक्सेल’ने एकेक ठिपका ठेवत, वर सांगितलेली उधारीची वही चालवत रेषा ओढायची. हे मला फार मोलाचे वाटते. सॅन होजेच्या प्लॉटरवरची १९६२ ची युक्ती २००९ मध्ये महाराष्ट्रातला एक मुलगा हाताने लिहून काढतो आहे, आणि यंत्राला न लागणारे कष्ट मुद्दाम घेतो आहे. नक्कल करता करता समजण्याची ही जुनीच रीत आहे. कित्ता गिरवणे आपण म्हणतो ते हेच.

२३/
पण याच २००९ मध्ये जग कुठे होते? १९९० नंतर विंडोज जसजसे पसरले, तसतसा पडद्याचा ताबा प्रोग्रामच्या हातून ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला. कार्डाशी बोलणे हे आता विंडोजचे काम. बीजीआयने सोडवलेला प्रश्न उद्योगजगतात काही वर्षांतच संपला. पुढे ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे टर्बो सी उघडेनासे झाले. त्यावर उपाय निघाला तो अभ्यासक्रम बदलण्याचा नव्हे, तर जुने यंत्र सोंगाने उभे करण्याचा. २००२ मध्ये आलेले डॉसबॉक्स मुख्यतः जुने खेळ खेळता यावेत म्हणून बनले होते. आपल्याकडे ते टर्बो सीसोबत बांधून विद्यार्थ्यांच्या हाती आले.

२४/
आता ‘डिटेक्ट’ काय करतो पाहा. नव्या लॅपटॉपवर डॉसबॉक्सच्या आत तो इमानाने विचारतो : समोर कोणते कार्ड आहे? उत्तर येते : व्हीजीए. ते कार्ड तिथे नाही. डॉसबॉक्स १९९० च्या दशकातल्या एका एस३ कार्डाची बतावणी करत असतो. नसलेल्या कार्डासाठी दुभाषा आणला जातो, तो नसलेल्या स्मृतीच्या चार थरांत ठिपके ठेवतो, आणि डॉसबॉक्स ते गोळा करून आजच्या पडद्यावर एका खिडकीत रंगवतो. वर्तुळ उमटते. विद्यार्थी कळ दाबतो. गेटच संपतो.

२५/
या दीर्घायुष्याची थट्टा पुष्कळ झाली आहे, आणि ती निम्मी रास्त आहे. गेटच, क्लिअरस्क्रीन, ‘व्हॉइड मेन’ हीच सी भाषा, अशी समजूत घेऊन मुले नोकरीच्या मुलाखतीला गेली आणि तिथे तोंडघशी पडली. मायना म्हणजेच पत्र, असे त्यांना शिकवले गेले होते. यात मुलांचा दोष नाही. उरलेली अर्धी थट्टा मात्र मला पटत नाही. ज्या घरात संगणकच नव्हता तिथल्या मुलीला आठवड्याच्या एका तासात ‘मी सांगितले आणि यंत्राने काढले’ हे पाहायला मिळाले ते याच सहा ओळींमुळे. आज एक खिडकी उघडून त्यात वर्तुळ काढायला आधुनिक ग्रंथालयांत किती ओळी लागतात, हे थट्टा करणाऱ्यांनी एकदा मोजावे.

२६/
इतिहासकाराची चिंता वेगळी आहे. या काळाची साधने उरणार काय? फ्लॉपीवरचे प्रोग्राम बहुतेक गेले. चुंबकीय थर कागदाइतका टिकत नाही. प्रयोगशाळांतली यंत्रे भंगारात गेली. छापील पुस्तके सापडतील, पण पुस्तक काय शिकवायचे ते सांगते. वर्गात काय उतरले ते सांगत नाही. ते सांगतात फक्त जर्नले : खाडाखोड, लाल शाई, तारखा, एकमेकांकडून उतरवलेल्या चुका. आणि परीक्षा संपली की ती वजनावर विकली जातात. आपापल्या घरी, दादा-ताईंच्या माळ्यावर एखादे असेल तर ते टाकू नका. किमान त्यातली प्रत्येक पाने, कोरी वाटणारीसुद्धा, टिपून ठेवा.

२७/
कोरी पाने का, तेही सांगतो. जर्नलात उजवे पान ओळींचे असते आणि डावे कोरे. उजवीकडे प्रोग्राम लिहायचा, डावीकडे पडद्यावर दिसलेले चित्र, म्हणजे ‘आउटपुट’. पडद्यावरची आकृती जशीच्या तशी कागदावर उतरवणारा प्रिंटर सहसा कुणाच्या हाताशी नसे. म्हणून पहिल्या प्रयोगाच्या डाव्या पानावर मावसभावाने पट्टीने एक चौकट आखली आहे, तिच्या मधोमध कंपासचे टोक रोवले आहे आणि पेन्सिलीने वर्तुळ काढले आहे. टोकाचे भोक पानाच्या मागे अजून हाताला लागते. सर्कल, ३२०, २४०, १००.